‘ल’च्या खणातला ‘ज’

त्या दिवशी सकाळी वडिलांनी मुलीला दारातून निरोप दिला, तो माझे नाव घेऊनच. मुलगी कामावर निघाली होती. जिना नुकताच पुसलेला होता. वडील तिच्या मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “सरप्टिशस हं, वेलांटी. पायऱ्या ओल्या आहेत.”

“हो बाबा. तुम्हीपण सरप्टिशस. दूध ठेवलंय गॅसवर, उतू जाईल.”

“उतू गेलं तर चूक दुधाची. मुद्रितशोधकाची नाही.”

ती हसली आणि बुटाचा बंद बांधायला वाकली. बंद बांधलेलाच होता. वाकलेल्या मानेखालून तिने हळूच वर पाहिले. वडिलांचा एक हात दाराच्या चौकटीवर होता आणि दुसरा बरगडीखाली, सदऱ्याच्या आत, घट्ट दाबून धरलेला. तिचे डोके वर येण्याच्या आत तो हात बाहेर आला आणि खिशात गेला. मग वडिलांनी शेजाऱ्यांच्या कुंडीकडे पाहिले, मुलीने घड्याळाकडे पाहिले, आणि ती जिना उतरून गेली.

मित्रांनो, त्या घरातली ती शेवटची साधी सकाळ होती. मी ती पाहिली आहे, म्हणून तुम्हाला सांगतो.

मी एक शब्द आहे. जुना आहे आणि इंग्रजी आहे. सरप्टिशस हे माझे नाव. मराठी मुलांना ते ऐकून सरपटणारा प्राणी आठवतो, आणि त्यात त्यांचे फारसे चुकत नाही. मी सरपटतच येतो. माझे स्पेलिंग लिहिताना भल्याभल्यांची पेन्सिल मध्येच अडते आणि ते माझ्याऐवजी दुसरा सोपा शब्द लिहून मोकळे होतात. मला त्याचे वाईट वाटत नाही. माझे कामच असे आहे की कोणाच्या डोळ्यांवर येऊ नये.

माझा जन्म फार पूर्वी एका आता न बोलल्या जाणाऱ्या भाषेत झाला. तिथे माझ्या आईबापांचा अर्थ होता खालच्या खाली हिसकावून घेणे. तेव्हा माझे कूळ चोराचे, हे मी आधीच कबूल करतो. पुढे मी इंग्रजीत आलो आणि जरा सुधारलो. आता मी विशेषण आहे. विशेषणाला स्वतःच्या पायांवर उभे राहता येत नाही, त्याला कुठल्यातरी नामाला टेकावे लागते. मी बहुतेक वेळा नजरेला टेकतो. पाहुण्यांसमोर बसल्या बसल्या घड्याळाकडे टाकलेली नजर असते ना, ती माझी. वर्गात बाकाखाली उघडलेला डबा माझा. ताटातले नको असलेले शेजारच्या ताटात सरकवणारे बोट माझे.

माझे भाऊबंद बरेच आहेत. सीक्रेट तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, तो कुलपात राहतो. कॉन्फिडेन्शियल लखोट्यावरच्या शिक्क्यात राहतो आणि त्याचा तोरा मोठा. क्लँडेस्टाइन बैठका आणि कटांना जातो. मी घरगुती. मी नेहमी दुसऱ्या माणसाच्या समोर घडतो. दार लावून एकट्याने केले ते माझे नव्हे. समोर माणूस बसलेले असते, त्याला कळले तर आवडणार नाही हे करणाऱ्याला माहीत असते, आणि तरी त्याच्या नाकासमोर, त्याला पत्ता लागू न देता जे केले जाते, तिथे मी असतो. माझे नाव कोणाला घ्यावे लागत नाही. म्हणून तर बुटाचा बंद बांधताना मी त्या दारात होतो. मुलीच्या डोळ्यांत होतो आणि वडिलांच्या हातातही होतो.

मराठीत मला ‘चोरून’ म्हणतात, ‘लपून’ म्हणतात, ‘गुपचूप’ म्हणतात. पण माझे खरे सख्य ‘हळूच’शी आहे. त्याचे मला नवल वाटते. कोणाला न कळता म्हणजे हळूच, आणि कोणाला दुखू न देताही हळूचच. एकच शब्द दोन्ही कामे करतो आणि कोणाला त्यात काही वावगे वाटत नाही. हे लक्षात ठेवा. या घरात जे झाले ते नुसत्या एका खिळ्यामुळे झाले असे तुम्हाला वाटू नये.

आता तो खिळा.

वडील एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. म्हणजे कच्चा छाप वाचून त्यातल्या चुका काढायचे. ऱ्हस्व कुठे दीर्घ झाले, अनुस्वार कुठे गळला, हे त्यांना ताटातल्या खड्यासारखे लागायचे. छापखान्यात त्यांचे नाव ऱ्हस्वदीर्घ पडले होते. लहानपणी मुलगी अंगाचे मुटकुळे करून झोपायची, म्हणून ते तिला वेलांटी म्हणायचे. तिची आई ती अगदी लहान असतानाच गेली होती. घरात हे दोघेच.

त्या काळी शिशाची अक्षरे हाताने जुळवत. त्यांना खिळे म्हणत. प्रत्येक अक्षराचा लाकडी पेटीत एक खण असे. छपाई झाली की खिळे सुटे करून ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचे. हे काम ज्यांच्याकडे होते ते वडिलांचे जिवलग मित्र, आणि मुलगी त्यांना खिळेकाका म्हणायची. छापखान्याने शाळेतल्या मुलांसाठी एक छोटा इंग्रजी-मराठी शब्दकोश काढला. त्यात मीही होतो. माझ्यापुढे अर्थ यायचा होता ‘लपून केलेला’. पण ‘ल’च्या खणात कधीतरी ‘ज’चा एक खिळा पडला होता. खिळेकाकांचा हात सवयीने खणात गेला, खिळा उचलला, ओळीत बसवला. छापले गेले: ‘जपून केलेला’.

कच्चा छाप वडिलांनीच वाचला. ‘जपुन’ असते तर त्यांनी ते झोपेतही पकडले असते. पण ‘जपून केलेला’ यात काय चूक होती? अक्षर शुद्ध, व्याकरण शुद्ध. नजर पुढे गेली.

बांधून आलेली पहिली प्रत वडिलांनी घरी आणली. तिला अजून खळीचा वास येत होता. मुलगी नुकतीच इंग्रजी शिकू लागली होती. वडील म्हणाले, “डोळे मीट आणि बोट ठेव. येईल तो शब्द तुझा.” तिने बोट ठेवले. मी आलो.

“बापरे, एवढा मोठा,” ती म्हणाली.

“मोठाच घ्यायचा. लहान काय, कुणीही घेतं.” त्यांनी अर्थ वाचून दाखवला. “जपून केलेला. बघ, किती छान. आपल्या घरात हाच शब्द पाहिजे.”

आणि मित्रांनो, मी त्या घरात राहायला गेलो. चोराच्या कुळातला मी, मला त्या घरात मानाचा पाट मिळाला. नवी सुरी आली की माझे नाव निघायचे. रस्ता ओलांडताना निघायचे. ताप उतरल्यावर पहिल्यांदा शाळेत जाताना निघायचे. “सरप्टिशस हं, वेलांटी.” “हो बाबा.” शब्दकोशाच्या इतक्या पिढ्यांमध्ये कोणी मला असे ओठांवर खेळवले नव्हते. मी खोट्या नावाने नांदत होतो, पण सुखात होतो. कोणी खरे विचारू नये एवढीच माझी इच्छा होती.

मग शाळेत ‘माझे वडील’ या विषयावर इंग्रजी निबंध आला. मुलीने तो मन लावून लिहिला. तिने लिहिले की माझे वडील मला सरप्टिशसली शाळेत सोडतात. दुसऱ्यांच्या वस्तू ते नेहमी सरप्टिशसली हाताळतात. छापखान्यातली पुस्तके ते सरप्टिशसली घरी आणतात.

बाईंनी निबंध वर्गात वाचून दाखवला. दुसऱ्या वाक्याला त्यांना हसू आवरेना. “अगं, तुझे वडील छापखान्यात कामाला आहेत की छापखाना लुटायला?” मग त्यांनी फळ्यावर माझा खरा अर्थ लिहिला. सगळा वर्ग हसला. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, “दप्तरं सांभाळा रे.” बाई दुष्ट नव्हत्या. त्यांनी तिच्या वहीत दुरुस्ती केली आणि अक्षर सुंदर आहे असा शेराही दिला. पण ती मुलगी घरी जाईपर्यंत मान खाली घालून चालली.

घरी वडील वाट पाहत होते. “काय गं, निबंध कसा झाला?”

“बाईंनी वर्गात वाचून दाखवला,” ती म्हणाली.

“वाचून दाखवला?” वडिलांचा चेहरा असा उजळला की ती पुढचे वाक्य गिळून बसली. ते तिला म्हणाले, “बघ, मी म्हटलं होतं ना, मोठाच शब्द घ्यायचा.”

“हो बाबा.”

त्या दिवशी माझा खरा अर्थ त्या घरात पहिल्यांदा आला, आणि तोही लपूनच आला. तिने ठरवले की बाबांना हे कळू द्यायचे नाही. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, त्याला त्याची चूक, आणि तीही लेकीच्या तोंडून? नको. त्यापेक्षा गप्प राहणे बरे. इतक्या लहान वयात तिने हे ठरवले आणि ते इतके नीट पाळले की मला तिचे कौतुकच वाटले. आता वाटत नाही.

ती मोठी झाली, पुष्कळ वाचू लागली, आणि अखेर इंग्रजीची शिक्षिका झाली. मला तिने कितीतरी वर्गांत शिकवले असेल. फळ्यावर माझे स्पेलिंग लिहायची, खाली अर्थ लिहायची, आणि उदाहरण द्यायची: परीक्षेत शेजाऱ्याच्या कागदावर टाकलेली नजर. मुले लगेच ओळखायची, कारण त्यांचा माझा परिचय जुना. कोणी विचारले की बाई, सीक्रेट आणि हा एकच का, तर ती समजावून सांगायची. “सीक्रेट ही गोष्ट असू शकते, वस्तू असू शकते. हा नेहमी करण्यात असतो. आणि करताना समोर कुणीतरी हवं.” माझ्याविषयी इतके अचूक कोणी सांगितले नव्हते. मग शाळा सुटायची, ती घरी यायची, आणि दारातूनच म्हणायची, “बाबा, जिन्यातला दिवा गेलाय हं. सरप्टिशस.” दिवसा मी खरा आणि संध्याकाळी खोटा. अशी नोकरी मी कितीतरी वर्षे केली.

छापखाना बंद झाला. शिशाचे खिळे वितळवायला गेले. वडील घरी बसले, पण लाल पेन्सिल सुटली नाही. ते सकाळचे वर्तमानपत्र तपासायचे आणि संपादकाला मनातल्या मनात नापास करायचे. मुलीचे लग्न होऊन मोडले होते. त्याबद्दलही घरात कोणी काही बोलले नाही. ती सामान घेऊन परत आली तेव्हा वडिलांनी फक्त विचारले, “खोलीत पंखा सरकवून देऊ का?” त्यांनी तिला एक शब्दही विचारला नाही, म्हणून ती त्यांची ऋणी राहिली. न विचारणे म्हणजेच माया, असा त्या घराचा नियम झाला होता. तो कोणी केला नव्हता. तो होत गेला, आणि माझ्या नावावर खपत गेला.

मग ते शेवटचे वर्ष आले.

आधी वडिलांचा पट्टा सैल झाला. त्यांनी लोखंडी खिळ्याने त्याला एक नवीन भोक पाडले आणि ती खोलीत आली तेव्हा पट्टा उशीखाली सारला. तिने पाहिले. मग संध्याकाळी फिरायला गेल्यावर ते चष्म्याच्या दुकानासमोर थांबू लागले. काचेतल्या फ्रेमा बारकाईने बघायचे. श्वास लागला की त्यांना चष्म्यांत फार रस यायचा. तीही शेजारी उभी राहून फ्रेमा बघायची आणि काचेत त्यांचे प्रतिबिंब बघायची. “ही बरी आहे नाही?” ते म्हणायचे. “बरी आहे,” ती म्हणायची. ताटात भात तसाच राहू लागला. ते तो कडेला पसरवून कमी दाखवायचे. ती ताट उचलायची आणि तो कमीच होता असे समजून टाकून द्यायची.

मित्रांनो, त्या वर्षी मला क्षणाची उसंत नव्हती. त्या दोन खोल्यांत जितक्या चोरट्या नजरा मी वाहिल्या, तितक्या मोठमोठ्या वाड्यांतल्या कारस्थानांतही वाहिल्या नसतील. ती किटलीच्या पत्र्यात त्यांच्याकडे बघायची. ते वर्तमानपत्राच्या वरून तिच्याकडे बघायचे, तिने पाहिले का ते बघायला.

एकदा जेवताना ती म्हणाली, “बाबा.”

“काय गं?”

घास तिच्या हातातच होता. मी त्या घासाजवळ होतो. मला वाटले, आता ही विचारते, आणि माझी इथली चाकरी संपते. मला खरेच वाटले की संपावी.

“काही नाही. मीठ बरोबर पडलंय ना?”

“बरोबर आहे.” मग थोड्या वेळाने ते म्हणाले, “वेलांटी.”

“हं?”

ते तिच्याकडे बघत राहिले. ती ताटाकडे बघत राहिली.

“काही नाही. तू जेव.”

असे किती दिवस गेले ते मला सांगता येणार नाही. त्या ओल्या जिन्याच्या दिवशी दुपारी शाळेत तिला निरोप आला की वडील घरात पडले आहेत, शेजाऱ्यांनी रुग्णालयात नेले आहे. ती पोचली तेव्हा त्यांना शुद्ध नव्हती. ती शुद्ध परत आली नाही. सूर्य मावळायच्या सुमाराला सगळे संपले.

डॉक्टर तरुण होती आणि थकलेली होती. तिने कागदांवरून नजर काढली आणि म्हणाली, “हे आजचं नाहीये हो. बरेच महिने दुखत असणार त्यांना. खूप दुखत असणार. काही बोलले नाहीत घरी?”

“नाही.”

“आणि तुम्ही? विचारलं नाहीत कधी?”

डॉक्टरने ते टोचायला विचारले नव्हते. ती लिहून घेत होती आणि लिहिता लिहिता विचारत होती. लिहून झाल्यावर ती मुलीच्या खांद्यावर हात ठेवून पुढच्या रुग्णाकडे गेली.

तेव्हापासून तो प्रश्न मुलीच्या बरोबर घरी राहायला आला. ती दात घासताना तो असायचा. वर्गात शिकवताना असायचा. विचारलं नाहीत कधी? लोक भेटायला येत, म्हणत, सुटले बिचारे, फार भोगलं नाही. ती मान हलवायची. त्यांना कसे सांगणार की भोगले, आणि मी बघत होते? ती कोणासमोर रडली नाही. लोकांना वाटले, शिकलेली बाई, धीराची आहे.

एके दिवशी दुपारी खिळेकाका आले. त्यांना आता नीट दिसत नव्हते. भिंतीला हात लावत ते आत आले आणि वडिलांच्या खुर्चीत न बसता बाकावर बसले. तिने चहा केला.

“पोरी, एक गोष्ट पोटात आहे. आता ज्याच्यासाठी ठेवली तोच नाही. सांगून टाकतो,” ते म्हणाले. “तुझा तो मोठा शब्द होता ना घरातला. सरपट काहीतरी.”

“सरप्टिशस.”

“तो चुकीचा आहे. म्हणजे शब्द बरोबर, अर्थ चुकीचा. खिळा माझा आणि नजर तुझ्या बापाची. ‘ल’च्या जागी ‘ज’ पडला.”

ती हळू आवाजात म्हणाली, “मला माहीत आहे, काका. शाळेतच कळलं होतं मला. बाबांना वाईट वाटेल म्हणून बोलले नाही कधी.”

“हां. तो म्हणालाच होता.”

“काय म्हणाले होते?”

“अगं, त्याला तर दुसऱ्याच दिवशी सापडली होती चूक. पांढराफटक होऊन आला छापखान्यात. मी म्हटलं, मालकाला सांगतो, शुद्धिपत्राची चिठ्ठी डकवू प्रत्येक प्रतीत. डकवलीही. पण हा म्हणतो, माझ्या घरच्या प्रतीत नको. लेकीनं पहिला शब्द माझ्या हातून घेतलाय, तो खोटा निघाला तर पुढचं काहीच खरं वाटणार नाही तिला.” काकांनी चहाचा घोट घेतला. “मग तू इंग्रजीची मास्तरीण झालीस. मी म्हटलं, ऱ्हस्वदीर्घा, आता तरी बोल. तिला काय कळलं नसेल? तर म्हणाला, कळलंय रे. ती मला जपतेय. जपू दे.”

बाहेर कोणीतरी गाडी धूत होते, त्या पाण्याचा आवाज येत होता.

मग तिने विचारले, “काका, दुखणं? ते तुम्हाला सांगितलं होतं त्यांनी?”

काकांनी कप खाली ठेवला. ठेवताना तो बशीच्या बाहेर पडता पडता राहिला. “सांगितलं होतं.”

“आणि तुम्ही मला...”

“शपथ घातली होती त्यानं. मी भांडलो गं. म्हटलं, तिला सांग, दाखव कुणाला तरी. तर म्हणाला, मी आपणहून सांगितलं तर ती हादरेल. आधीच घर मोडून आलीय. पण ती बघते म्हणाला. रोज बघते. एक दिवस विचारेल.” काकांनी बाकाला हात टेकला. “विचारलं की सांगेन, म्हणाला.”

ते उठले. तिने त्यांना जिन्यापर्यंत धरून नेले. पायऱ्या उतरताना जपून असे ती म्हणाली नाही. ते शेवटच्या पायरीपर्यंत पोचले की नाही हे बघत मात्र उभी राहिली.

मित्रांनो, अशा आत्मवृत्ताच्या शेवटी सांगणारा म्हणतो, मला जपा, धूळ झटका, कपाटात नीट ठेवा. मला त्याची गरज नाही. मी कोशांत सुरक्षित आहे आणि जोपर्यंत एका घरात दोन माणसे राहतात तोपर्यंत मला काम कमी पडणार नाही. मी फक्त एवढेच सांगतो की माझा खरा अर्थ पाठ करा. मी लपून आहे. मी जपून नाही, कधीच नव्हतो. ज्याच्यावर तुमचा जीव आहे तो माणूस चष्म्याच्या दुकानासमोर फार वेळ थांबू लागला, तर काचेत बघू नका. तोंडाकडे बघा आणि विचारा. तो चिडेल, हसण्यावारी नेईल, काही नाही म्हणेल. पुन्हा विचारा. हे ऐकून तुम्ही तसे कराल असे मला वाटत नाही. मी पुष्कळ घरे पाहिली आहेत. तरी सांगायचे म्हणून सांगितले.

मुलगी घरात परत आली. तिने दोन्ही कप विसळून पालथे घातले. हात पुसले. मग ती वडिलांच्या खुर्चीसमोर एक स्टूल ओढून बसली. जवळच बसली, गुडघा खुर्चीला लागेल इतकी. खुर्चीत कोणी नव्हते हे तिला दिसत होते. तिने मान खाली घातली नाही आणि इकडेतिकडेही पाहिले नाही. मला तिथे काही काम उरले नव्हते, म्हणून मी निघालो. निघताना ऐकू आले तेवढे सांगतो. शेजारच्या खोलीत ऐकू जाईल अशा रोजच्या आवाजात ती म्हणाली,

“बाबा, काय होतंय तुम्हाला? कुठं दुखतंय?”